प्रतिसाद दोन हजार एकशे सोळा

"तीनशे? मॅडम, तीनशे काय घेऊन बसलात, पाचशे आणतो! तेही आठवड्यात!"

इंद्रजीतनं फोनवर असं छातीठोक सांगितलं, तेव्हा त्याची बायको तेजश्री शेजारीच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि परत मेथीत घातली. अकरा वर्षांच्या संसारात तिनं ही छाती पुष्कळदा ठोकलेली ऐकली होती.

इंद्रजीत वरवंडचा. दौंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर मास्तर, न घेतला तर रस्त्यावरचा माणूस! कायम व्हायचं तर नावामागं 'डॉक्टर' लागायला हवं. म्हणून गड्यानं सहा वर्षांपूर्वी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता : 'शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांचा स्मार्टफोन वापर : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मार्गदर्शक होत्या पुण्याच्या प्राची मॅडम. वयानं त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण त्यांचा फोन आला की हा खुर्चीतून उठून उभा राहायचा. व्हिडिओ नसला तरी!

आता परिस्थिती अशी होती, की दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या. पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता विद्यापीठाच्या समितीपुढं ऑनलाइन सादरीकरण होतं. समितीचं समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात! आणि जूनमध्ये कॉलेजात जी एकुलती एक कायम जागा निघणार होती, तिच्यावर दुसराच कुणीतरी डॉक्टर येऊन बसणार. हे आठवलं की इंद्रजीतला जेवण जायचं नाही.

पण त्याचा भरवसा होता तंत्रज्ञानावर. पूर्वी संशोधन करणारे प्रश्नावलीचे गठ्ठे पिशवीत घालून एस.टी.नं गावोगाव हिंडायचे. कुत्री मागं लागायची, घरोघरी चहा पिऊन पित्त व्हायचं आणि शेवटी शेतकरी म्हणायचा, 'उद्या या, आज पाण्याची पाळी हाय.' इंद्रजीतनं गुगल फॉर्म केला. वीस प्रश्न, बोट लावलं की झालं. लिंक सोडली ग्रुपवर आणि बसला वाट बघत.

आठवड्यात सतरा प्रतिसाद आले. त्यातले चार त्याचे स्वतःचे, फॉर्म चालतो का बघायला भरलेले. एक तेजश्रीचा. एम.ए.च्या पोरांनी ग्रुपवर बावन्न अंगठे दाखवले होते, पण फॉर्म भरला होता तिघांनी. शनिवार चार दिवसांवर आला.

मंगळवारी त्याचे सासरे आले. हौसराव म्हणजे भीमेपलीकडचे, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचे, सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनकी जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ती त्यांच्या आवाजातून अजून गेली नव्हती. जावयाचं उतरलेलं तोंड बघून त्यांनी चौकशी केली.

"किती मानसं पायजेत?"

"तीनशे, मामा."

"आवो जावईबापू, येवढंच ना? दुसऱ्याच्या लग्नाला मी येवढी मानसं गोळा करतो. ती लिंक का काय, ती धाडा हिकडं. उद्या दुपारपातूर कामच व्हऊन जाईल."

इंद्रजीतनं लिंक धाडली. एवढंच त्यानं केलं. पुढं जे रामायण घडलं, त्यात त्याचा गुन्हा विचाराल तर एवढाच!

बुधवारी सकाळी दहाला प्रतिसाद होते एकशे नव्वद. दुपारी बाराला सहाशे. तीनला अकराशे! कॉलेजात तास चालू असताना इंद्रजीत टेबलाखाली फोन धरून आकडा बघत होता आणि एकटाच हसत होता. पोरांना वाटलं, सरांना कायम केलं.

"मॅडम, अकराशे!" तो उभा राहून फोनवर ओरडला.

"काय सांगता!" प्राची मॅडम हरखल्या. "पण प्रतिसाद बघितलेत ना? माहिती सुसंगत आहे ना?"

"एकदम सुसंगत, मॅडम!"

बघितलं कुणी होतं? तो फक्त आकडा बघत होता.

गुरुवारी दुपारी, जेवून, पान खाऊन, सावकाश त्यानं लॅपटॉप उघडला. म्हटलं, आता आलेख काढू. पहिलाच प्रश्न : 'आपल्याकडे स्मार्टफोन आहे का?'

पडद्यावर भाकरीएवढं गोल निळं वर्तुळ उमटलं. निळा म्हणजे 'नाही'. अठ्ठ्याण्णव टक्के.

इंद्रजीतला वाटलं, काहीतरी बिघडलंय. त्यानं पान पुन्हा उघडलं. अठ्ठ्याण्णव टक्के! त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला, चष्मा पुसला, देवाचं नाव घेतलं. वर्तुळ निळंच. म्हणजे मोबाईलवर आलेली लिंक मोबाईलवर उघडून, मोबाईलवर बोट फिरवून अकराशे लोकांनी कळवलं होतं, की आमच्याकडं मोबाईल नाही!

त्यानं घाम पुसत पुढचे प्रश्न बघितले. घरात टीव्ही आहे का? नाही. दुचाकी? नाही. पक्कं घर? नाही. वीज? नव्वद टक्के नाही! हायवेला लागून असलेली, ऊस आणि कांदा पिकवणारी ही सगळी गावं इंद्रजीतच्या संशोधनाप्रमाणं कंदिलाच्या उजेडात पायी हिंडत होती. शेवटचा प्रश्न होता, 'आपल्याला आणखी काही सांगायचे आहे का?' तिथं मात्र लोकांनी मोकळ्या मनानं लिहिलं होतं.

'काळा रंग चालंल.'

'५जी असावा ही नम्र विनंती.'

'थोरल्या सुनेला पण एक मिळावा, ती वेगळी राहते.'

'मागच्या वेळी शिलाई मशीन आमच्या वाडीला आलेच नाही, या वेळी तसे करू नये.'

इंद्रजीतच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, तुम्ही ग्रुपवर नक्की काय टाकलं?"

"काय म्हंजी? बोललो की धा ग्रुपांवर. 'गावकऱ्यांनो, मोबाईलची यादी चाललीय. आमच्या जावईबापूंकडं काम हाय. फॉर्म भरून टाका, मागनं बोंबलू नका.' येवढंच!"

"अहो, पण लोकांना वाटतंय मोबाईल फुकट मिळणार!"

"मी कुठं म्हणलो मिळणार? मी म्हणलो मागनं बोंबलू नका. आता अभ्यास हाय म्हणलं आस्तं तर येका तरी मानसानं हात लावला आस्ता का त्येला?"

इंद्रजीतला हे पटलं. त्याच्या वर्गातली पोरंसुद्धा अभ्यास म्हटलं की हात लावत नव्हती.

"मी बी भरला की," हौसराव अभिमानानं म्हणाले.

"तुम्ही काय लिहिलंत? मोबाईल आहे का?"

"न्हाई म्हणून!"

"मामा! तुमच्याकडं दोन आहेत! आत्ता त्यातल्याच एकावर बोलताय माझ्याशी!"

"आवो, तुम्ही शिकल्यालं मानूस आन् आसं काय करता? फॉर्मात कुणी 'हाय' म्हणून लिवतं का? मागं आमच्या दगडोबानं फ्रीज हाय म्हणून लिवलं. खरं बोलाय गेला! नाव उडालं यादीतनं. आजून त्येची बायकू त्येला त्यावरनं बोलती. फॉर्म म्हणलं की न्हाई लिवायचं, ही रीतच हाय."

फोन ठेवून इंद्रजीत डोक्याला हात लावून बसला. तेजश्री म्हणाली, "अहो, मग एक्सेलमध्ये 'नाही'चं सगळं 'आहे' करून टाका ना. सगळेच खोटं बोललेत तर उलटं केलं की खरंच होणार."

ऐकायला बरं वाटलं. इंद्रजीतनं दार लावून घेतलं आणि करून बघितलं. दोन सेकंदांत अकराशे घरांत वीज आली, टीव्ही आले, अंगणात मोटरसायकली उभ्या राहिल्या. पण 'फोनमुळे मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का?' इथंही सगळं उलटून बसलं. शिवाय मनालाही पटेना. सहा वर्षांत त्यानं आळस केला होता, चालढकल केली होती, पण खोटं संशोधन केलं नव्हतं. त्यानं सगळं होतं तसं परत केलं आणि ठरवलं, लोकांनाच खरं काय ते सांगायचं.

शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्या ग्रुपांवर निरोप टाकला : 'हा फॉर्म केवळ अभ्यासासाठी आहे. कोणालाही मोबाईल मिळणार नाही. कृपया खरी माहिती भरावी.'

आगीत रॉकेल बरं! लोकांना कळून चुकलं, की योजना बंद व्हायला लागलीय, आणि ज्यांना द्यायचे त्यांना आतून देऊन झालेत. ज्यांनी भरला नव्हता ते धावले. ज्यांनी भरला होता त्यांनी पुन्हा भरला. वरवंडच्या चौकातल्या म्हाळूनं आपल्या ऑनलाइन सेवा केंद्राबाहेर पाटी लावली, 'येथे मोबाईलचा फॉर्म भरून मिळेल'. फॉर्म भरल्यावर 'आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे' असं जे पान येतं, ते म्हाळू छापून द्यायचा, वर गोल शिक्का मारायचा आणि म्हणायचा, "ही पोचपावती. जपून ठेवा." कुरकुंभच्या कारखान्यांत पहिली पाळी सुटली तशी तिकडूनही माणसं आली. एकानं तर थेट इंद्रजीतलाच फोन केला, "सरजी, आधार पुणे का चलेगा, या बिहार वाला?"

दुपारी चारला इंद्रजीतनं फॉर्म बंद केला. प्रतिसाद दोन हजार एकशे सोळा.

फॉर्म बंद झाला आणि लोकांनी पत्ता शोधला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता दारात तिघं जण होते. साडेनवाला वीस. दहाला रांग गल्लीच्या तोंडाशी गेली. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि म्हाळूची शिक्का मारलेली पोचपावती. रांगेत उभ्या उभ्या माणसं काय करत होती? मोबाईल बघत होती!

"अहो, यांना घालवा कुणीतरी!" इंद्रजीत वरती शर्ट-टाय आणि खाली पायजमा अशा अवतारात घरभर फिरत होता. "अकराला समिती आहे! माझी नोंदणी जाईल!"

"मी बघते दाराकडं," तेजश्री म्हणाली. "तुम्ही आत बसा. आणि पंखा बंद करा, आवाज येतो."

अकरा वाजले. लॅपटॉपवर चार चौकोन उघडले. एकात प्राची मॅडम, दोनांत विद्यापीठातले सर आणि चौथ्यात बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. हे पांढऱ्या मिशांचे, जाड भिंगांचे म्हातारे सर मघापासून नुसतेच कॅमेऱ्याकडं रोखून बघत होते. इंद्रजीतला घाम फुटला होता, आणि पंखाही बंद होता.

त्यानं प्रस्तावना वाचली. उद्दिष्टं वाचली. मग निळं वर्तुळ आलं.

"अठ्ठ्याण्णव टक्के कुटुंबांकडं... स्मार्टफोन... नाही," तो पुटपुटला.

म्हातारे सर पहिल्यांदा बोलले. "किती प्रतिसाद?"

"दोन हजार एकशे सोळा, सर."

"हे त्यांनी भरलं कशावर?"

"मोबाईलवर, सर."

"ज्यांच्याकडं मोबाईल नाही, त्यांनी?"

"हो, सर."

प्राची मॅडमनी आपल्या चौकोनात दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इंद्रजीतच्या डोळ्यांपुढं सहा वर्षं सरकून गेली. संपलं! आता जन्मभर तासिका तत्त्व.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पुढं दगडाबाई, मागं त्यांचा पदर धरून ओढणारी तेजश्री! दगडाबाई म्हणजे शेजारच्या आळीतल्या, सत्तरीच्या, नात्यानं इंद्रजीतच्या चुलत आत्या. त्यांनी खिडकीतून लॅपटॉपवरचे साहेब बघितले होते. एवढं थेट वरचं माणूस समोर दिसत असताना रांगेत कोण थांबणार? त्यांनी इंद्रजीतला कोपरानं बाजूला सारलं आणि कॅमेऱ्यापुढं हात जोडले.

"राम राम सायेब! तेवढं आमचं नाव घ्या. मोबाईल न्हाई आमच्याकडं. बटनाचा बी न्हाई."

"आत्या, अगं..."

"तू गप रं! तुला बोलाया जमंना म्हणून तर मला याया लागलं. सायेब, खरं सांगती, देवाशपथ..."

आणि दगडाबाईंच्या कमरेच्या पिशवीत गाणं वाजलं. मोठ्यानं! त्यांनी सवयीनं हात घातला, हा एवढा थोरला फोन बाहेर काढला, बोटानं सराईतपणे पडदा सरकवला. हडपसरहून नातीचा व्हिडिओ कॉल होता.

"थांब गं बाय," दगडाबाई फोनकडं बघून म्हणाल्या. "हितं सायेबांना मोबाईल न्हाई म्हणून सांगती आन् मग लावती तुला."

फोन परत पिशवीत गेला. दगडाबाईंनी पुन्हा हात जोडले. "तर काय म्हणत व्हती मी, सायेब..."

इंद्रजीतला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि मग स्पीकरमधून विचित्र आवाज यायला लागला. म्हातारे सर हसत होते. भिंगं काढून, डोळे पुसून, खोकत खोकत हसत होते.

"मावशी," ते म्हणाले, "आम्हाला तुम्ही पाहिजे होतात." मग इंद्रजीतला म्हणाले, "तुमच्या विषयात आता काही राहिलेलं नाही. मोबाईल सगळ्यांकडं आहे हे आम्हाला माहीत आहे. पण फॉर्म पुढं आला की माणूस घरातलं का झाकतो, हे कुणी बघितलंय का? हे दोन हजार लोक खोटं बोलले, ते का, एवढं सांगा. मी सहा महिने द्यायला तयार आहे."

विद्यापीठातले सर कुरकुरले, प्राची मॅडमनी तोंडावरचे हात काढून रदबदली केली, आणि शेवटी ठरलं : नोंदणी राहील. विषय बदलायचा. सहा महिने मुदत. माहिती मात्र गुगल फॉर्मवर नाही. कागदावर, घरोघरी जाऊन, माणसापुढं बसून!

इंद्रजीतनं लॅपटॉप मिटला आणि खुर्चीतच पाय ताणून दिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे पिशवी, एस.टी., कुत्री आणि पित्त! पण नोंदणी राहिली. बाहेर तेजश्री रांगेतल्या लोकांना सांगत होती, की साहेबांनी सगळ्यांची नावं घेतलीत, आता सर स्वतः घरी येऊन बघणार आहेत. ऐकल्याबरोबर रांग फुटली. घरी येऊन बघणार म्हटल्यावर प्रत्येकाला आधी घरी जाऊन टीव्ही झाकायचा होता.

सोमवारी दुपारी इंद्रजीत मुदतवाढीचा अर्ज भरायला बसला. अर्ज ऑनलाइन. अर्ध्यावर गेल्यावर एक लाल चौकट आली : 'पुढे जाण्यापूर्वी संशोधक विद्यार्थ्यांच्या तंत्रज्ञानवापराची पाहणी भरणे बंधनकारक आहे.' खाली बारीक अक्षरांत कुणा संशोधक मुलीचं नाव होतं, आणि 'कृपया खरी माहिती द्यावी, माझा प्रबंध यावर अवलंबून आहे' अशी विनंती.

इंद्रजीतला एकदम गलबलून आलं. बिचारी! आपल्यासारखीच कुणीतरी, कुठंतरी आकड्याकडं डोळे लावून बसलेली. आपण तरी नीट भरायचा, असं त्यानं ठरवलं आणि मांडीवरचा लॅपटॉप सारखा केला.

प्रश्न पहिला : 'आपल्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे का?'

त्यानं बोट 'आहे'वर नेलं. तिथं ते थांबलं. विद्यापीठ एवढं विचारतंय, ते उगाच? उद्या काही वाटप निघालं तर? आपलंच नाव उडायचं!

"भरला का हो अर्ज?" स्वयंपाकघरातून तेजश्रीनं विचारलं.

"भरला."

"खरं खरं भरलंत ना सगळं?"

इंद्रजीतनं लॅपटॉप हळूच मिटला आणि उशीखाली सारला.

"फॉर्मात जसं भरतात, तसं भरलं," तो म्हणाला.